‘हरलेला’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, यशाच्या माझ्या व्याख्येवरच्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘पाण्याची रेल्वे लातूरला मे महिन्यात नाही, एप्रिलमध्ये आली. लातूर पॅटर्नात शिकलास, पुण्याकडची नोकरी सोडलीस आणि आता औशाला पंपाच्या जळालेल्या मोटारी भरतोस. हरलेला माणूसच यशाची व्याख्या बदलतो. लेकरांच्या फीचा अन् म्हातारपणाचा हिशोब कर आधी.’

रेल्वेचं तुमचं बरोबर आहे. मिरजेहून पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला आली. दुरुस्त केलं.

पण ओळख ना पाळख, थेट अरे-तुरे? आमचे वडील सालगड्यालाही ‘या, बसा’ म्हणायचे. लेख पटला नाही म्हणून समोरच्याचा मान काढायचा, ही कुठली रीत?

आता ते ‘हरलेला’. ती रेल्वे आली तेव्हा मी चाकणला कारखान्यात मेंटेनन्सला होतो. त्याच महिन्यात बढतीचं पत्र मिळालं होतं. हरलेल्याला बढती देतात का कुणी? टीव्हीवर पाण्याच्या वाघिणी दिसत होत्या आणि फोनवर वडील सांगत होते, बोअरचं पाणी खाली गेलं, मोटार कोरडी चालून जळाली, नवी तार गुंडाळून भरून मिळायला आठ दिवस लागतील. त्या तासभर चालणाऱ्या बोअरवर आमची जनावरं होती. कंपनीची लाइन बंद पडली तर वीस मिनिटांत चालू करणारा मी, आणि माझ्याच घरी आठ दिवस! राजीनामा मी त्यानंतर दिला. जिंकत असताना दिला, हे नीट वाचा.

रब्बीत आमच्याकडे लाइट रात्रीची, तीही कमी दाबाची. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, तापते, आतल्या तारेचं वाइंडिंग जळतं. हरभरा घाट्यात आलेला असतो. अशी मोटार सकाळी दुकानात आली की दुसऱ्या दिवशी ती बोअरमध्ये परत सोडलेली असली पाहिजे, एवढीच माझी व्याख्या आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून ती मी पाळली आहे. तुम्ही कधी जळालेली मोटार उघडून बघितली आहे का?

फीचं आणि म्हातारपणाचं मी बघून घेईन. तो आमच्या घरातला प्रश्न आहे, तुम्हाला कुणी विचारला नव्हता.

पुन्हा लिहाल तर जरूर लिहा, पण नाव घालून आणि ‘तुम्ही’ म्हणून.