बुडणाऱ्याला न विचारता आराखडा कसा लिहावा

आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. मुदत परवा संपत असणार. असे आराखडे त्याआधी लिहायला घ्यायचेच नसतात. त्यातून यंदा वरून सूचना आली असेल की आराखडा ‘न्याय्य’ हवा, दुर्बल घटकांचा विचार हवा. घाबरू नका. प्रस्तावनेत हे शब्द तीनदा घाला आणि तिसऱ्या पानापासून गेल्या वर्षीचा मजकूर चिकटवा.

लिहायला बसण्याआधी एक माणूस डोळ्यांसमोर आणा. सगळं त्याच्यासाठीच लिहायचं आहे. पस्तिशीचा, धडधाकट. दारात गाडी, गाडीत पेट्रोल. फोन चार्ज केलेला, आणि त्यावर येणारी सूचना ज्या भाषेत असते ती त्याला वाचता येते. घर त्याच्या नावावर, घराचे कागद वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत. चार दिवस कामावर गेला नाही तरी पगार कापला जात नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी नाही. असा माणूस तुमच्या आराखड्यावाचूनही बहुधा वाचतोच, पण त्याच्या वाचण्याचं श्रेय आराखड्याला देता येतं.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराची या माणसावर फार श्रद्धा होती. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ धडकण्याच्या आदल्या दिवशी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश निघाला. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते निघून गेले. सुमारे १ लाख लोकांकडे गाडीच नव्हती. शाळेच्या बस मात्र होत्या. त्या पुढे पाण्यात उभ्या राहिल्या, फोटोत अगदी शिस्तीत रांगेत दिसतात. हे शहर ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात जे मेले त्यांतले जवळपास निम्मे ७५ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. नंतर टीव्हीवर एकच प्रश्न घोळत राहिला: हे लोक निघाले का नाहीत? हे वाक्य पाठ करून ठेवा. ‘निघू शकले का नाहीत’ असं चुकूनही म्हणायचं नाही. तेवढ्या एका शब्दानं चूक तुमच्या टेबलावर येते.

निवारा केंद्राचं प्रकरण मात्र सावकाश लिहा, तिथे चुका करायला भरपूर वाव आहे. एकच मोठी खोली ठेवा, आडोसा नको. संडास एकच, तोही सगळ्यांना मिळून, आणि केंद्राच्या मागच्या बाजूला अंधारात. दाराशी सात-आठ पायऱ्या असल्याच पाहिजेत. व्हीलचेअर तिथेच थांबते आणि आतली जागा वाचते. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, आणि त्यांत बाया पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. कुणी घरातल्या पुरुषाच्या होकाराची वाट पाहत थांबली, कुणी परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायच्या भीतीनं. तुम्ही कारणांच्या रकान्यात ‘जनजागृतीचा अभाव’ लिहा. हा अभाव नेहमी समोरच्याकडेच असतो.

जनावरांचंही तसंच. अमेरिकेत कितीतरी जण कुत्र्या-मांजरांना सोडून निघायला तयार झाले नाहीत, तर २००६ मध्ये कायदाच झाला: आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार हवा. कुत्र्यासाठी मागे राहणारा हळवा. घरातली एकुलती एक गाय सोडायला तयार नसलेली बाई मात्र अडाणी. हा फरक परिशिष्टात जपा.

बांगलादेशचं पुढचं सांगू नका. तिथे १९७२ पासून गावोगाव स्वयंसेवक तयार केले, निवारे बांधले, पुढे बायकांनाच मोठ्या संख्येनं स्वयंसेवक केलं. १९७० च्या वादळात ३ लाखांहून अधिक माणसं मेली होती. २००७ मधल्या सिडर वादळात हा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. कार्यशाळेत कुणी हे काढलंच तर वेळेअभावी सत्र आटोपतं घ्या. नाहीतर लोक विचारू लागतात, ओळखीचीच बाई मेगाफोन घेऊन दारोदार सांगत आली तर खर्च किती येतो? फारसा येत नाही, हीच तर अडचण. निविदा कशाची काढणार?

त्यापेक्षा मोबाईल संदेशांची यंत्रणा बरी. २०२७ अखेर जगातल्या प्रत्येकाला पूर्वसूचनेचं संरक्षण मिळावं, असं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये जाहीर केलं. ‘प्रत्येक’ या शब्दानं दचकू नका. संदेश किती गेले ते मोजा. किती जणांना कळले, आणि कळल्यावर जायला जागा किती जणांना होती, हे मोजायला गेलात की आकडा घसरतो.

उष्णतेच्या लाटेला एक परिच्छेद पुरे. ‘दुपारी घराबाहेर पडू नये.’ ज्याचा रोजगारच उन्हात आहे त्यानं काय करावं, हे त्याचं तो बघेल. आणि घर म्हणजे सावली हे गृहीतच धरा. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये २०२१ च्या लाटेत ६१९ जण मेले, त्यांतले ९८ टक्के घरात किंवा इमारतीच्या आतच. निम्म्याहून जास्त एकटे राहणारे होते. सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला होता.

मृतांची मोजणी लवकर बंद करावी, हे अनुभवाचे बोल. कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर २०१७ च्या मारिया वादळाचा अधिकृत आकडा कितीतरी महिने ६४ होता. मग कुणीतरी वीज, औषधं आणि दवाखाना यांवाचून नंतर मेलेलेही धरले, आणि २०१८ मध्ये तोच आकडा २,९७५ झाला. भरपाईचंही गणित सोपं: मालकीचा कागद दाखवा, पैसे घ्या. भाडेकरू, आजोबांच्या नावावरच्या घरात राहणारे, नदीकाठी झोपडी बांधलेले, सगळे एका फटक्यात गळतात. उरलेल्यांच्या जिद्दीवर एक चौकट टाका, हसऱ्या मुलाच्या फोटोसह.

आता राहिली लोकांशी सल्लामसलत. ती केल्याशिवाय सही होत नाही. कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता ठेवा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तरीही एखादी बाई मजुरी बुडवून येईलच. ती विचारेल, “पाणी रात्री चढतं. सासूला खाटेवरून उतरवायला कोण येणार, आणि त्याचं नाव काय?”

नाव सांगू नका. आराखड्यात ते नाहीच. इतिवृत्तात लिहा: ‘स्थानिक महिलांचा उत्साही सहभाग लाभला,’ आणि हजेरीपटावर तिचा अंगठा घ्या.