मंडळीकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती आपण वापरतच नाही

नाताळ जवळ आला की मंडळ्यांमध्ये, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, एकच लगबग सुरू होते. याद्या, पाकिटं, ब्लँकेटं, फोटो. वस्तीत वाटप होतं, प्रार्थना होते आणि जानेवारी उजाडला की ये रे माझ्या मागल्या. वाटपाला मी नावं ठेवत नाही. ज्याच्या अंगावर पांघरूण नाही त्याला ते आजच हवं असतं. पण दरवर्षी यादीत तीच घरं येतात. ज्या रांगेत आई उभी असायची, त्याच रांगेत काही वर्षांनी तिची मुलगी स्वतःचं बाळ कडेवर घेऊन उभी दिसते. हे दिसल्यावरही आपण फक्त पाकिटांची संख्या वाढवत असू, तर आपलं सेवाकार्य कुठेतरी अडलंय.

शहरातल्या ज्या कुटुंबांच्या पाचवीलाच गरिबी पुजलेली असते, तिथे पैशाची चणचण असतेच. पण तितकीच जाचक दुसरी चणचण असते, विचारायला माणूस नसण्याची. मुलाला कुठल्या कोर्सला घालावं, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी निघतो, मालकाने पगार अडवला तर कुणाकडे जायचं, घरभाड्याच्या कागदावर नेमकी कशावर सही घेतलीय. बाकीच्यांच्या घरात हे एखादा मामा, एखादी आत्या, शेजारचे साहेब सांगून टाकतात. इथे मामाही त्याच चिखलात रुतलेला असतो.

आमच्या मंडळीत येणाऱ्या एका ताईंकडे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत होते. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शाळेची नोटीस, हप्त्यांची पुस्तकं, सगळं एकत्र कोंबलेलं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका उपासना संपल्यावर त्यांच्याजवळ बसले आणि वहीत रकाने आखून एकेक कर्ज लिहायला लागले. कुणाचं, किती, व्याज किती, आठवड्याचं की महिन्याचं. लिहून झाल्यावर दिसलं की सगळ्यात लहान कर्जच सगळ्यात जास्त पैसे खात होतं, कारण त्याचं व्याज आठवड्याला होतं. “ताई, आधी हे मारू, बाकीचे थांबतील,” काका म्हणाले. त्या म्हणाल्या, “काका, हे असं मांडून मला कुणी दाखवलंच नव्हतं.” या कामाला मंडळीचा एक पैसा लागला नाही. लागली ती एका जाणकार माणसाची दुपार, आणि मग पुढचे कितीतरी रविवार.

हा माझ्या एकटीचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत फेसबुक वापरणाऱ्या ७ कोटींहून जास्त लोकांची मैत्री तपासली आणि २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गरीब घरातलं मूल मोठेपणी वर येईल का, याचा अंदाज ज्या गोष्टींवरून सगळ्यात चांगला बांधता येतो, त्यात त्याच्या भागात गरीब आणि सुस्थितीतल्या लोकांची आपसात किती मैत्री आहे ही एक मोठी गोष्ट निघाली. गरीब मुलांना सुस्थितीतल्या मुलांइतकाच असा मित्रपरिवार मिळाला, तर मोठेपणीचं उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी जास्त असेल असा त्यांचा हिशेब आहे. यातला मला सगळ्यात लागलेला भाग धार्मिक समूहांबद्दलचा आहे. एकाच मंडळीत आले की श्रीमंत-गरीब माणसांची मैत्री शाळा-कॉलेजपेक्षा किंवा शेजारापेक्षा सहज होते. अडचण इतकीच की ते मुळात एका मंडळीत येतच नाहीत. श्रीमंतांची चर्च वेगळी, गरिबांची वेगळी.

म्हणजे जे औषध आपल्याकडे आहे, ते आपण बाटलीत बंद करून ठेवलंय आणि वस्तीत पाकिटं पाठवतोय.

मुलांच्या बाबतीतही वर्षानुवर्षं टिकलेली साथ काय करते हे दिसलंय. कंपॅशन इंटरनॅशनल ही संस्था स्थानिक मंडळ्यांमार्फत मुलांना दत्तक-पालकत्वाची मदत देते, म्हणजे मूल स्वतःच्या घरीच राहतं आणि त्याचा खर्च एखादा दाता उचलतो. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतल्या १०,००० हून जास्त लोकांची माहिती घेऊन २०१३ मध्ये दाखवलं की अशा मुलांचं शिक्षण साधारण एक ते दीड वर्षाने वाढलं, आणि मोठेपणी त्यांना पगारी नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. त्या मुलांना शाळेच्या खर्चासोबत वर्षानुवर्षं मंडळीतल्या मोठ्या माणसांचा सहवासही मिळत होता. एका दिवसाच्या वाटपातून हे होत नाही.

फक्त प्रवचनाने मात्र हे साधत नाही, हेही खुल्या मनाने मान्य करायला हवं. फिलिपिन्समध्ये अतिगरीब कुटुंबांना ख्रिस्ती शिकवण देणाऱ्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला. सहा महिन्यांनी त्यांचं उत्पन्न वाढलेलं दिसलं, पण खाण्यापिण्याची शाश्वती किंवा आयुष्याबद्दलचं समाधान यात ठळक फरक दिसला नाही. उलट इतरांच्या तुलनेत आपण कुठे आहोत, याबद्दलचं त्यांचं मत आणखी खाली गेलं होतं. वचन ऐकवून आपण निघून आलो, तर त्या माणसाला आपली पायरी फक्त जास्त स्पष्ट दिसायला लागते की काय, हा प्रश्न मला छळतो.

आणि मजुरीचं काय? १८९१ साली साल्व्हेशन आर्मीने, म्हणजे आपल्या मुक्तिफौजेने, पूर्व लंडनमध्ये स्वतःचा काडेपेटीचा कारखाना काढला. तेव्हा पांढऱ्या फॉस्फरसमुळे काडेपेटी कामगारांचे जबडे सडत. मुक्तिफौजेने निर्धोक लाल फॉस्फरस वापरला आणि इतर कारखान्यांपेक्षा जास्त मजुरी दिली. कामगारांसाठी प्रार्थना तर त्यांनी केलीच, पण त्यांच्या मजुरीलाही हात घातला. आज आपल्या मंडळीतले जे व्यावसायिक आहेत, त्यांच्या दुकानात, ऑफिसात, घरी काम करणाऱ्यांना वेळेवर आणि पुरेसा पगार मिळतो का, हे आपण विचारतो का? सेवाकार्याची सुरुवात तिथून व्हायला काय हरकत आहे!

एका गोष्टीवर मी अजिबात मागे हटणार नाही. मदत घेणाऱ्याने चर्चला यावं, प्रार्थनेत बसावं, धर्म बदलावा, अशी अट घालायची नाही, आडूनही नाही आणि डोळ्यांनीही नाही. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, त्यातला एकच आभार मानायला परत आला. बाकी नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही.

आमच्या मंडळीच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. वाटपाच्या निधीतला काही भाग बाजूला काढून मुलं सांभाळायला माणूस ठेवायचा, म्हणजे आयांना संध्याकाळी निवांत बसून बोलता येईल. प्रत्येक कुटुंबासोबत मंडळीतली दोन घरं, निदान पाच वर्षांसाठी. कागदपत्रं, कर्ज, मुलांचे प्रवेश, नोकरीसाठी ओळख. आणि त्या ताईंसारख्यांना कार्यकारिणीत जागा, कारण कुठे अडतं हे त्यांच्याइतकं आम्हाला कळत नाही.

ज्यांच्या मंडळीत असं काम तीन-चार वर्षांच्या पुढे टिकलंय, त्यांनी कृपया खाली सविस्तर लिहा. पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरल्यावर माणसं कशी टिकवलीत? कुटुंबाने मध्येच संपर्क तोडला तर काय केलंत? मला बैठकीआधी हे हवंय.