नंबर कॉर्नियाच्या जाडीत नसतो

"कॉर्निया जितका पातळ तितका नंबर मोठा. जाड कॉर्निया म्हणजे प्रेशर जास्त. लेसर केलं की नंबरही जातो, प्रेशरही उतरतं." आमच्या परळच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आठवडाभर हा मेसेज फिरतोय. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, प्रेशर म्हणजे डोळ्याच्या आतला दाब. मी दादरला डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला बसते, म्हणून तळमजल्यावरच्या काकांनी मला जिन्यातच गाठलं.

आधी नंबराचं. मायनस नंबर बहुतेकदा डोळ्याच्या लांबीतून येतो. डोळा साधारण 23-24 मिलिमीटर लांब. तो एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच-तीन नंबर चढतो. कॉर्नियाचा बाक किती, हेही नंबरात धरावं लागतं. जाडीचा संबंध नगण्य. मागे उणे 9 ची एक मुलगी आली, कॉर्निया 558 मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). सोबतच्या मामाला जन्मात चष्मा नाही, त्याचा 498! केराटोकोनस नावाच्या आजारात मात्र कॉर्निया पातळ होत होत पुढे टोकदार होतो आणि नंबर वाढतो. तेवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं खरं.

प्रेशरची गोष्ट जरा नाजूक आहे. सुन्न करणारा थेंब टाकून निळ्या उजेडात आम्ही जे टोक कॉर्नियाला टेकवतो, ते 3.06 मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागला ते सांगतं. गोल्डमनने 1950 च्या दशकात हे यंत्र बनवलं, ते कॉर्निया सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असणार असं धरून. जाड कॉर्निया दबायला कुरकुरतो, आकडा फुगतो. आतलं प्रेशर तेवढं असेलच असं नाही. पातळ कॉर्निया पटकन दबतो, आणि खरं प्रेशर जास्त असूनही 17 वाचून माणूस निश्चिंत घरी जातो. मला भीती या दुसऱ्याची. प्रेशर वाढलेल्यांवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासात 2002 साली दिसलं की 555 मायक्रॉन किंवा त्याहून पातळ कॉर्नियावाल्यांना काचबिंदूचा धोका 588 च्या वरच्यांपेक्षा सुमारे तिप्पट. नागपूरकडच्या गावांतल्या पाहणीत तर सरासरीच 514 निघाली होती. 'इतके मायक्रॉन, इतके वजा' असा तक्ता काहीजण भिंतीवर लावतात. त्यावर मी विसंबत नाही. डोळ्याची नस बघावीच लागते.

"पण आमच्या मुलाचं लेसरआधी 16 होतं, आता 12!" काका हटेनात. लेसिकमध्ये, म्हणजे नंबर घालवायच्या लेसरमध्ये, एका नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन कॉर्निया तासला जातो. मुलगा उणे 6 चा, म्हणजे 70-90 मायक्रॉन गेले. प्रेशर बहुधा होतं तिथेच आहे, यंत्राला ते कमी वाटतंय. त्याचा लेसरआधीचा कॉर्निया किती होता, विचारलं. ती फाइल दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली म्हणे.