म्हणे पोट्ट्यांले काम नाही कराचं!

आज एका साक्षगंधात जेवायला बसलो तर शेजारी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतले एक कारखानदार काका. एका हातात वडा आणि तोंडाने प्रवचन सुरू. "आजकालच्या पोट्ट्यांले कामच नाही कराचं. मशीनवर माणूस भेटूनच नाही राहिला." टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकोने डोळे वटारले म्हणून मी गप्प बसलो. इथे कोण वटारणार?

माझा धाकटा भाऊ आयटीआय फिटर. 2008 मध्ये तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या, तेव्हा तो इथल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होता. ऑर्डरी आटल्या. आधी ओव्हरटाइम बंद, मग तिसरी पाळी बंद आणि एका शनिवारी ठेकेदार गेटवर म्हणाला, "सोमवारपासून येऊ नको." गेटपास तेवढा आठवणीने काढून घेतला. परमनंटवाल्यांचा मात्र एक रुपया कापला नाही. कापतील कसे? युनियन उठते, चांगला मिस्त्री दुसरीकडे जातो, उरलेले मन मारून काम करतात. त्यापेक्षा ज्याचं नाव हजेरीपटावरच नाही त्याला घरी पाठवलं की झालं. गिरण्यांत बदली कामगार असायचे, आता ठेकेदाराची पोरं असतात.

बरं, मंदीला गेटवर पोचायला एक शनिवार पुरला. तेजी कशी येते? आधी आहेत त्याच माणसांना बारा-बारा तास राबवतात. मग ठेकेदाराला फोन. परमनंट भरतीचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तो लागायच्या आत पुढची मंदी दारात. भावाला परत बोलावलं ते जुन्याच रेटवर, नवा माणूस म्हणून. मधल्या काळात घरभाडं वाढलं, सिलिंडर वाढलं, याचा रेट तिथेच. ओव्हरटाइमला दुप्पट दर, असं तेव्हा लागू असलेला 1948 चा कारखाने कायदा सांगायचा. याला सिंगल मिळायचा. बोलला असता तर पुन्हा शनिवार होताच.

काकांचीही अडचण असेल. मोठ्या कंपन्या बिलं अडकवून ठेवतात, बँकेचा हप्ता काही थांबत नाही. मान्य. पण तेवढंच.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा तोच गेट, तीच तऱ्हा. त्यानंतर तो परत गेलाच नाही. आता गाडीवर जेवणाची पार्सलं पोचवतो. सरकारी पाहणीत आठवड्यात एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात, म्हणजे बेरोजगारीच्या आकड्यात हा दिसायचाच नाही. घरी बसून राहणं परवडायलाही कोणाची तरी पेन्शन लागते, राजेहो.

त्याचा व्हर्निअर अजून कपाटात आहे, तेलाच्या कपड्यात गुंडाळलेला. परवा पोराच्या सायकलचं बेअरिंग बसवायला काढला, तर माप घेताना एकदाही हात अडखळला नाही. वाईट वाटतं हो.

आणि हे म्हणतात माणूस भेटत नाही! पगार किती देता, असं मी हळूच विचारलं तर म्हणे, "पाठवा तर खरं, मंग पाहू." त्या "मंग पाहू"मध्येच तर भावाची सगळी उमेद गेली.

हिंगणा, बुटीबोरीत कोणाकडे फिटरची जागा असेल तर खाली लिहा. कंपनीच्या रोलवर, पगाराचा आकडा टाकून. ठेकेदाराचे नंबर पाठवू नका, ते आहेत आमच्याकडे.