'गोव्यात सोलर चालत नाही' हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, देवळाच्या कमिटीचा ग्रुप, कुठेही बघा. त्यात म्हटलंय की गोव्यात चार महिने पाऊस म्हणून सोलर इथे बिनकामाचा, पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी तो जन्मात परत देत नाही, आणि वास्कोतल्या कोळशाला नि तमनार प्रोजेक्टच्या विजेच्या लाईनला विरोध करणाऱ्यांनी आधी आपल्या घरातले दिवे बंद करावेत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तो वाचूनच जास्त राग येतो. वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा तुमच्या-आमच्या दिव्यांसाठी येतच नाही. तो मुख्यतः स्टीलसाठी लागणारा कोकिंग कोल, परदेशातून जहाजाने येतो, वॅगनीत भरून सावर्डे, कुळे करत घाट चढतो आणि कर्नाटकात बळ्ळारीकडच्या स्टील कारखान्यांना जातो. कोळसा जाळून गोव्यातल्या घरांना वीज देणारं केंद्रच गोव्यात नाही. आपली बरीचशी वीज येते ती एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या केंद्रांतून, तारांवरून. म्हणजे वास्कोतली माणसं घरात, कपड्यांवर, नाकातोंडात काळी धूळ घेऊन वर्षानुवर्षं राहतायत ती दुसऱ्याच धंद्यापायी, आणि त्यांनाच आपण सांगतोय दिवे बंद करा म्हणून!

तमनारचंही तसंच. तमनार छत्तीसगडमध्ये, रायगड जिल्ह्यात आहे, पण त्या प्रोजेक्टचा छत्तीसगडमधला भाग वेगळा आणि गोव्यातला वेगळा, इथली ४०० केव्हीची लाईन येते धारवाडजवळच्या नरेंद्रहून दक्षिण गोव्यातल्या शेल्ड्याला. मोलेच्या जंगलासाठी लढलेल्या लोकांचं भांडण मुख्यतः जागेवरून होतं, अभयारण्यातून नवा पट्टा का कापता, असं. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला जंगलाच्या प्रकरणांत सल्ला देणाऱ्या सीईसी समितीनेही आधीच्या २२० केव्ही लाईनचाच पट्टा वापरा असं सुचवलं. ज्यांना हे लोक वीज नको म्हणणारे वाटतात त्यांनी तो रिपोर्ट एकदा वाचावा.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर पॅनलची वीज खूप कमी होते हे खरंच आहे, जुलैत तर दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. पण सोलरचा हिशेब वर्षाचा करायचा असतो, एका महिन्याचा नाही. वर्षाची सरासरी काढली तर एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, आणि सगळ्यात जास्त मिळतात मार्च ते मे, म्हणजे नेमकं जेव्हा घराघरात एसी नि पंखे सुटलेले असतात तेव्हा. नेट मीटर, म्हणजे ग्रिडला दिलेली नि ग्रिडकडून घेतलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर, असला की एका महिन्यात उरलेले युनिट पुढच्या बिलात वळते होतात. आणि देशाच्या पातळीवर बघितलं तर ज्या महिन्यांत आपल्याकडे ढग असतात त्याच महिन्यांत कर्नाटक, तामिळनाडू, गुजरातमधल्या पवनचक्क्या सगळ्यात जोरात फिरतात, धरणंही भरत येतात. २०१३ च्या शेवटी रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेली तेव्हापासून अख्ख्या देशाचं ग्रिड एकच आहे, त्यामुळे सत्तरी तालुक्यात पाऊस पडतोय म्हणून सौर ऊर्जा फसली असं होत नाही.

पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा भारतातल्या उन्हात साधारण दोन वर्षांच्या आत भरून निघते, पॅनलला वॉरंटी २५ वर्षांची असते. हा मुद्दा एवढाच.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र बरोबर आहे, रात्रीची वीज आज मुख्यतः कोळशाचीच. २०२५ मध्ये सरकारने सांगितलं की देशाची वीज बनवायची निम्मी क्षमता कोळसा, गॅस सोडून बाकीच्यांची झाली, पण ती क्षमता झाली, प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून बॅटरी आणि पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे प्रकल्प हवेत, ते होतायतही, पण वेगाने व्हायला हवेत.

आणि जे खरोखर अडतंय त्याचं या मेसेजमध्ये नावच नाही. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, घराच्या छपरावरच्या ३ किलोवॅट सोलरला ७८,००० रुपये सबसिडी. पण आपल्याकडे घर चार भावांचं, बिल अजून आजोबांच्या नावावर, मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या) घराखालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, मग कागद कोण नि कुठून आणणार? फ्लॅटवाल्याला तर स्वतःचं छप्परच नाही. वर लाईट गेली की साधा सोलरही बंद पडतो, कारण खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो, हे बरोबरच आहे पण विकताना कोणी सांगत नाही आणि मग पहिल्या वादळात लोक म्हणतात फसवलं. बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घेतला तर घर चालू राहतं, खर्च मात्र बराच वाढतो.

तेव्हा भांडायचं असेल तर यावर भांडूया. वीज खात्याने वारसांच्या संमतीपत्रावर अर्ज घ्यावेत, सोसायट्यांना एकत्र मीटरची सोय सोपी करून द्यावी आणि नेट मीटर किती दिवसांत बसेल ते लेखी सांगावं.