गॅबाचा विजय नशिबाचा नव्हता

जानेवारी २०२५ मध्ये सिडनीची कसोटी गेली आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धची बॉर्डर-गावसकर मालिका आपण ३-१ अशी हरलो. तेव्हापासून एक दावा नव्या जोमाने फिरतो आहे. आधी तो ऑस्ट्रेलियन चाहते करायचे, आता आपलेच लोक तो पुढे पाठवतात. दावा थोडक्यात असा: २०२०-२१ च्या दौऱ्यात भारताने ऑस्ट्रेलियाला २-१ असं हरवलं (ॲडलेडला हरलो, मेलबर्नला जिंकलो, सिडनी अनिर्णित, आणि शेवटी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर जिंकलो) ते केवळ नशिबाने. त्यांचा संघ अपुरा होता, गोलंदाज दमलेले होते, गॅबाची खेळपट्टी पाटा, म्हणजे फलंदाजांना सोपी होती, त्यांचा कर्णधार आणि यष्टिरक्षक टिम पेनने झेल सोडले, आपल्या अनोळखी पोरांचा चमत्कार झाला आणि कर्णधार कोहली मायदेशी परतल्यामुळे आपला संघ मोकळेपणाने खेळला. २०२४-२५ मध्ये आपली खरी पातळी दिसली, असा शेरा शेवटी असतोच.

क्रिकेटमधल्या मतभेदांबद्दल माझी तक्रार नाही. पण या दाव्यात काही माणसांचे कष्ट पुसले जातात, आणि ते मला सहन होत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"ऑस्ट्रेलियाचा संघ अपुरा होता."

ही तक्रार २०१८-१९ च्या मालिकेबद्दल केली तर निदान समजू शकते. केप टाउनच्या चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणामुळे तेव्हा स्मिथ आणि वॉर्नर बंदी भोगत होते. २०२०-२१ ची गोष्ट वेगळी आहे. स्टीव्ह स्मिथ आणि मार्नस लाबुशेन चारही कसोट्या खेळले. कमिन्स, स्टार्क, हेझलवूड आणि लायन हे चौघे प्रमुख गोलंदाजही चारही कसोट्या खेळले. डेव्हिड वॉर्नर दुखापतीमुळे पहिल्या दोन कसोट्यांना मुकला, सिडनीला परतला. पदार्पणात सिडनीला ६२ धावा करणारा पुकोव्हस्की खांदा दुखावल्यामुळे ब्रिस्बेनला नव्हता. मोठी अनुपस्थिती म्हणावी अशी एवढीच. शिवाय वॉर्नर नसताना ॲडलेडला ऑस्ट्रेलिया आठ गडी राखून जिंकला होता, हेही विसरू नये.

आता आपल्याकडे बघू. इशांत शर्मा दौऱ्यावर आलाच नाही. ॲडलेडला कमिन्सचा चेंडू लागून शमीचा हात मोडला. कोहली बाळाच्या जन्मासाठी परतला. मेलबर्नला उमेश यादवची पोटरी गेली. के. एल. राहुल मनगटाच्या दुखापतीने एकही कसोटी न खेळता घरी परतला. सिडनीत जडेजाचा अंगठा निखळला, विहारीच्या मांडीचा स्नायू दुखावला, अश्विनची पाठ धरली, बुमराच्या पोटाचा स्नायू ताणला. चार कसोट्यांत भारताने वीस खेळाडू उतरवले.

ब्रिस्बेनला नाणेफेक झाली तेव्हा भारताच्या पाच गोलंदाजांकडे मिळून कसोटीतले अकरा बळी होते: सिराजचे सात आणि सैनीचे चार. शार्दुल ठाकूरच्या नावावर आधीची एक कसोटी होती, पण हैदराबादच्या त्या सामन्यात दहा चेंडू टाकून तो जायबंदी झाला होता. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांचं ते पदार्पण. समोरच्या चौघांच्या नावावर हजाराहून जास्त बळी होते आणि लायनची ती शंभरावी कसोटी होती. अपुरा संघ कोणाचा होता, हे यावरून ठरवावं.

"त्यांचे गोलंदाज दमले होते."

हो, दमले होते. हे वाक्य खरं आहे, आणि नेमकं तेच दाव्याच्या विरोधात जातं. गोलंदाज आपोआप दमत नाहीत, कोणीतरी त्यांना दमवावं लागतं.

सिडनीच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाला दोन डावांत मिळून २३१ षटकं टाकावी लागली. त्यातली १३१ षटकं चौथ्या डावातली. समोर ४०७ धावांचं लक्ष्य होतं, सव्वाशेहून जास्त षटकं खेळायची होती आणि निम्मा संघ दुखावलेला होता. ऋषभ पंत पहिल्या डावात कोपराला चेंडू लागल्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात यष्ट्यांमागे उभाच राहू शकला नव्हता, पण फलंदाजीला आला आणि ११८ चेंडूंत ९७ धावा करून गेला. पुजाराने ७७ केल्या. दोघं बाद झाल्यावर हनुमा विहारी आणि अश्विन यांनी काय केलं, ते सविस्तर सांगायला हवं, कारण धावफलकावर ते फार छोटं दिसतं. विहारी नाबाद २३, चेंडू १६१. अश्विन नाबाद ३९, चेंडू १२८. विहारीला पळता येत नव्हतं, अश्विनला वाकता येत नव्हतं. अंगावर येणारे आखूड टप्प्याचे चेंडू छातीवर, खांद्यावर झेलत दोघं चहापानानंतरचं अख्खं सत्र उभे राहिले. पुढची गरज पडली तर खेळायला अंगठा निखळलेला जडेजा पॅड बांधून बसला होता. सामना अनिर्णित राहिला तो ११ जानेवारीला, आणि १५ जानेवारीला ब्रिस्बेनची कसोटी सुरू झाली. कमिन्स आणि कंपनीच्या पायांत जे जडपण आलं होतं ते या सिडनीच्या संध्याकाळचं होतं.

चेतेश्वर पुजाराकडे तर फारच कमी लोक नीट बघतात. या मालिकेत तो ९२८ चेंडू खेळला. सिडनीच्या पहिल्या डावात ५० धावांसाठी १७६ चेंडू घेतले म्हणून त्याच्यावर चौफेर टीका झाली. गॅबाच्या शेवटच्या दिवशी २११ चेंडूंत ५६ धावा करताना त्याने हेल्मेटवर, बरगड्यांवर, बोटांवर मार खाल्ला. बोटाला लागला तेव्हा तो जमिनीवर आडवा झाला, उठला आणि पुढचा चेंडू खेळला. दुसऱ्या टोकाला गिलने ९१ काढल्या आणि पुढे पंतने सामना मारला, कारण मधल्या काळात पुजाराने चेंडू जुना केला होता आणि गोलंदाज मोडले होते. स्टार्कला त्या डावात एकही बळी मिळाला नाही, ७५ धावा मात्र गेल्या.

राहिला प्रश्न ऑस्ट्रेलियाने तेच चौघे सलग चार कसोट्यांत का खेळवले याचा. मायकेल नेसर त्यांच्या संघात होता, ताजा होता. तो खेळला नाही ही त्यांच्या निवडकर्त्यांची निवड होती. त्याचं श्रेय आपल्या नशिबाला कसं देता येईल?

"गॅबाची खेळपट्टी पाटा होती."

त्या सामन्यापूर्वी गॅबावर चौथ्या डावात गाठलेलं सर्वांत मोठं लक्ष्य २३६ धावांचं होतं, आणि ते ऑस्ट्रेलियानेच १९५१ मध्ये गाठलं होतं. आपण त्याहून मोठं लक्ष्य गाठलं. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया तिथे हरला नव्हता. पाचव्या दिवशी भेगांवरून काही चेंडू छातीपर्यंत उसळत होते आणि कमिन्सने ५५ धावांत चार बळी घेतले. पाटा खेळपट्टीवर पाचव्या दिवशी असं होत नाही.

खेळपट्ट्यांचीच चर्चा करायची तर संपूर्ण मालिकेत ऑस्ट्रेलियाची सर्वोच्च धावसंख्या ३६९ होती, एवढंही लक्षात घ्यावं. मेलबर्नला १९५ आणि २००. मेलबर्न आणि ब्रिस्बेन, दोन्ही ठिकाणी आपण त्यांचे वीसच्या वीस गडी बाद केले, आणि ब्रिस्बेनला ते काम अशा गोलंदाजांनी केलं ज्यांतल्या काहींना दौऱ्याच्या सुरुवातीला कसोटी संघात धरलंही नव्हतं.

"पेनने झेल सोडले."

सोडले. सिडनीत पंतचे दोन आणि अगदी शेवटी विहारीचा एक. पण हिशोब एकाच बाजूचा का? त्याच सिडनीत पंतने पुकोव्हस्कीला दोनदा जीवदान दिलं होतं. ब्रिस्बेनला रहाणेने लाबुशेनचा सोपा झेल सोडला, तेव्हा लाबुशेन ३७ वर होता. तो १०८ करून गेला. वर त्याच चेंडूवर सैनीची जांघ दुखावली आणि आपला आणखी एक गोलंदाज कमी झाला. नशिबाचंच मोजायचं तर चारपैकी तीन नाणेफेका ऑस्ट्रेलियाने जिंकल्या होत्या.

"अनोळखी पोरांचा चमत्कार होता."

हे कौतुक म्हणून लिहिलं जातं, म्हणून जास्त त्रास देतं. चमत्कार म्हटलं की मागची वर्षं दिसेनाशी होतात.

मोहम्मद सिराजने २०१८ मध्ये बंगळुरूला भारत 'अ' या दुसऱ्या फळीच्या संघाकडून ऑस्ट्रेलिया 'अ' विरुद्ध एका डावात ५९ धावांत आठ बळी घेतले होते. शुभमन गिलने २०१९ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये भारत 'अ' साठी नाबाद २०४ केल्या होत्या. 'अ' संघांचे ते दौरे, राहुल द्रविडसारख्या माणसाच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं झालेली ती तयारी, हे सगळं ब्रिस्बेनच्या आधीचं आहे. दौरा सुरू झाल्यावर सिराजचे वडील गेले. घरी जायची मुभा असताना तो थांबला. सिडनीत प्रेक्षकांतून त्याला शिवीगाळ झाली, खेळ थांबवावा लागला, तरी तो सीमारेषेवर परत उभा राहिला. ब्रिस्बेनच्या दुसऱ्या डावात त्याने पाच बळी घेतले.

आणि शार्दुल. पालघरहून लोकलने मुंबईत सरावाला येणारा हा मुलगा रणजी करंडकात वर्षानुवर्षं मुंबईची गोलंदाजी वाहत होता. गॅबाच्या पहिल्या डावात १८६ वर सहा गडी गेले होते तेव्हा तो सुंदरच्या साथीला आला आणि दोघांनी १२३ धावा जोडल्या. शार्दुल ६७, सुंदर ६२. ही भागीदारी झाली नसती तर पाठलाग करण्याजोगं लक्ष्यच उरलं नसतं. सामन्यात शार्दुलचे सात बळी. सुंदर तर २०१७ नंतर प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नव्हता. पदार्पणातला त्याचा पहिला बळी होता स्टीव्ह स्मिथ.

"कोहली गेला म्हणून जिंकलो."

मराठी चाहत्यांमध्ये हा मुद्दा जास्त चालतो, आणि कारण उघड आहे. त्याच्या जागी कर्णधार झालेला रहाणे आपला. संगमनेर तालुक्यात जन्मलेला, डोंबिवलीत वाढलेला. त्याच्या मेलबर्नच्या ११२ धावांचा मलाही अभिमान आहे. ॲडलेडला ३६ वर संघ गुंडाळला गेल्यावर, नियमित कर्णधार नसताना, त्याने कोहलीच्या जागी फलंदाज न घेता जडेजा घेतला, म्हणजे बचावाऐवजी पाचवा गोलंदाज निवडला. पहिल्याच सकाळी अश्विनला लवकर आणलं आणि स्मिथ शून्यावर लेग गलीत झेल देऊन गेला. हे डोकं रहाणेचं, श्रेयही त्याचंच.

पण त्यासाठी कोहलीला लहान करायची गरज नाही. ॲडलेडच्या पहिल्या डावात कोहली ७४ वर धावचीत झाला, तोही रहाणेच्या हाकेवर. तोवर आपण भक्कम होतो. परदेशात पाच गोलंदाज घेऊन वीस बळींसाठी खेळायचं हा आग्रह, आणि वेगवान गोलंदाजांची फौज उभी राहिली तो काळ, दोन्ही कोहलीच्या कर्णधारपदाचे. २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिली मालिका जिंकली तीही त्याच्याच नेतृत्वाखाली. रहाणेने ती फौज शांतपणे आणि नेमकी वापरली. दोघांना एकमेकांविरुद्ध उभं केलं की दोघांचंही काम अर्धवटच दिसतं.

"२०२४-२५ ने खरं काय ते दाखवलं."

दाखवलं, पण दाव्यात म्हटलंय ते नाही. काही जण जोडीला असंही सांगतात की जानेवारी २०२४ मध्ये वेस्ट इंडीजनेही गॅबावर आठ धावांनी विजय मिळवला, तेव्हा गॅबाचं एवढं काय. शामर जोसेफने दुखऱ्या पायाने ६८ धावांत सात बळी घेतले त्या विजयाचा मान मोठाच आहे. पण त्यांच्या आधी तीन वर्षं आपण जिंकलो तेव्हा त्या मैदानावर तीन दशकांत कोणीही ऑस्ट्रेलियाला हरवलं नव्हतं.

राहता राहिली ती मालिका. २०२४-२५ मध्ये बुमराने एकट्याने ३२ बळी घेतले, तरी आपण हरलो. धावसंख्या शेजारी ठेवून बघा. त्या दौऱ्यात भारत सहा वेळा दोनशेच्या आत सर्वबाद झाला: पर्थला १५०, ॲडलेडला १८० आणि १७५, मेलबर्नला १५५, सिडनीत १८५ आणि १५७. २०२०-२१ मध्ये तसं एकदाच झालं, ॲडलेडच्या त्या ३६ वर. त्यानंतर तीन कसोट्यांत ऑस्ट्रेलियाला आपला संघ दोनशेच्या आत एकदाही गुंडाळता आला नाही. आणि २०२४-२५ चा आपला एकमेव विजय पर्थचा, २९५ धावांनी मिळवलेला. तिथे दुसऱ्या डावात जयस्वालने १६१, कोहलीने नाबाद १०० आणि राहुलने ७७ केल्या, आणि आपण १३४ षटकं खेळून ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांना दमवलं होतं.