लिंबू लावून उन्हात बसायला सांगणारा तो मेसेज

माझी भाची 16 वर्षांची आहे. "किचनमधल्या 5 गोष्टी, 7 दिवसांत चमकदार त्वचा" हा मेसेज तिच्यापर्यंत पोचला आणि तिने रविवारी चेहऱ्याला लिंबाचा रस आणि बेकिंग सोडा लावला, आणि मेसेजमध्ये सांगितलंय तसं 15 मिनिटं उन्हात बसली. मंगळवारी गालावर लाल चट्टे आणि फोड. आणि तोच मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर अजून फिरतोय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

लिंबाचंच आधी. लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले यूव्हीए, म्हणजे एक प्रकारचे अतिनील किरण पडले की तिथल्या पेशी भाजल्यासारख्या होतात, डॉक्टर याला फायटोफोटोडर्माटायटिस म्हणतात. आणि हे लगेच दिसत नाही हो, एक-दोन दिवसांनी उठतं, त्यामुळे लिंबावर कुणाला संशयच येत नाही, मग तिथे तपकिरी डाग पडतो तो कधीकधी महिनोन्‌महिने राहतो. डाग घालवायला लावलं आणि डागच पदरात पडला! उन्हात "बसा" असं लिहिणाऱ्याने हे एकदा तरी तपासायला नको होतं का?

"जळजळ झाली म्हणजे काम करतंय." अजिबात नाही. पीएच म्हणजे आम्लता मोजायची पट्टी, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. त्वचेचा पीएच साधारण 5 च्या आसपास, लिंबाच्या रसाचा 2 ते 3, आणि या मोजपट्टीवर एका आकड्याचा फरक म्हणजे 10 पट. सोडा उलट्या टोकाला, 8 च्या वर. दोन्ही एकत्र केले की फेस येतो तो फक्त कार्बन डायऑक्साइड, त्याने मळबिळ काही निघत नाही. जळजळ म्हणजे त्वचा थांब म्हणतेय, धुवून टाका.

"जे खाता येतं ते चेहऱ्याला बिनधास्त लावता येतं." हे वाक्य सगळ्यात जास्त पटतं लोकांना. जपानमध्ये गव्हाचं प्रोटीन घातलेला एक फेस सोप भरपूर खपला होता, तो वापरणाऱ्या 2,000 हून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. त्यातल्या कितीतरी जणांना आधी गहू आरामात पचत होता, नंतर खाल्ला की पापण्या सुजायच्या, अंगावर पित्त उठायचं, काहींचा तर जीव धोक्यात आला. ते प्रोटीन प्रक्रिया केलेलं होतं, घरच्या पिठासारखं नव्हतं, हे मान्य. पण खायची वस्तू त्वचेवाटे गेली की शरीर तिला वेगळं वागवू शकतं, एवढं तर त्यातून कळतंच ना.

खोबरेल तेल सनस्क्रीनचं काम करतं म्हणे. नाही करत. पॅक एकदा बनवून महिनाभर ठेवा म्हणे. पाणी असलेल्या आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या मिश्रणात जंतू वाढतात, फ्रीजमध्येसुद्धा.

ओट्स त्वचेला चांगले हा मेसेजमधला मुद्दा मात्र बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करते. बारीक दळलेल्या ओट्सला अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं तपासणारी सरकारी संस्था) 2003 मध्ये त्वचा-संरक्षक म्हणून मान्यता दिलीये, कोरड्या खाजऱ्या त्वचेला आराम पडतो. ते दळून कोमट पाण्यात कालवून, लगेच वापरून धुवून टाका, ॲलर्जी नसेल तर.

आणि कुणी लिंबू आधीच लावून बसलं असेल तर साबण-पाण्याने धुवा, पुढचे दोन-तीन दिवस ती जागा उन्हापासून झाका. फोड आले तर फोडू नका, त्यावर घरचं आणखी काही लावू नका, सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे जा. भाचीला आम्ही बुधवारी नेलं, मंगळवारीच न्यायला हवं होतं.